सगळ्यात वरचा थर

राज्याचा महाधिवक्ता लोकांनी मत देऊन निवडायचा, ही कल्पना विधानसभेत पहिल्यांदा मांडली गेली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. महाधिवक्ता म्हणजे सरकारच्या बाजूनं कोर्टात उभा राहणारा सर्वांत मोठा वकील. त्याला आजवर सरकारच नेमत आलं होतं आणि सामान्य माणसाला त्याचं नावही ठाऊक नसायचं. पण घटनादुरुस्ती झाली, दोन निवडणुका पार पडल्या, आणि आता तिसऱ्या खेपेला पानाच्या ठेल्यावरचे लोकसुद्धा जामीन, अपील असले शब्द घरच्यासारखे वापरायला लागले होते. मिरजेत तर महाधिवक्त्याचं मत कुणाला देणार हे विचारल्याशिवाय कुणी चहाचा कप खाली ठेवत नव्हतं.

यंदा अर्ध्या राज्याचं उत्तर एकच होतं: अॅडव्होकेट संग्राम लोंढे. चौकाचौकात त्याचे फलक लागले होते. भिंतीवर टेकलेला हात, चेहऱ्यावर गंभीर भाव आणि खाली ओळ, ‘भिंतीला बोलतं करणारा वकील’.

भिंतीला बोलतं केलं होतं ते खरं तर त्याच्या धाकट्या बहिणीनं, केतकीनं. पण बहिणींचे फोटो फलकावर लावायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि केतकीलाही त्याची हौस नव्हती. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि संग्राम सतरा. पेट्रोल पंपावर काम करत तो स्वतः वकिली शिकला आणि तिलाही त्यानं एम.एस्सी. केलं. त्याच्या नावापुढं तिचं नाव नाही म्हणून रुसावं, असं तिच्या मनातही कधी आलं नाही.

केतकी मिरजेच्या थरवाचन केंद्रात परीक्षक होती. थरवाचन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माणूस जिथं वावरतो तिथं त्याच्या अंगावरून सतत कातडीचे बारीक कण गळत असतात. ते धुळीत मिसळतात, हवेत तरंगतात आणि भिंतीवर जाऊन बसतात. प्रत्येक कणात त्या माणसाचं जनुकद्रव्य असतं, म्हणजे त्याची न पुसता येणारी सही. तेलरंगाच्या भिंतीवरून ती पुसली जाते. चुन्याचं तसं नाही. चुना जनुकद्रव्याला घट्ट धरून ठेवतो, आणि पुढच्या वर्षी त्यावर नवा हात मारला की जुन्या वर्षाची सगळी धूळ त्याखाली बंद होते. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यांनी लोकांना पुन्हा चुन्याकडे वळवलं होतं, कारण चुन्याची भिंत घर थंड ठेवते. दर दिवाळीला एक हात, म्हणजे दर वर्षाचा एक थर. थरवाचक नावाचं यंत्र भिंतीतून काढलेल्या रुपयाएवढ्या चकतीचा एकेक थर सौम्य आम्लानं उतरवायचं आणि त्या त्या वर्षी घरात कोण कोण येऊन गेलं त्याची यादी द्यायचं. केंद्राच्या दारावरच लिहिलेलं होतं, ‘एक थर, एक वर्ष’.

श्रीमंतांच्या घरात चुना नसतो, त्यामुळे हे यंत्र गरिबांच्याच घरात चालायचं. हे केतकीच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण त्याच यंत्रानं अकरा निरपराध माणसं तुरुंगातून बाहेर काढली होती, हेही तिला विसरता येत नव्हतं.

ज्या खटल्यानं संग्रामचं नाव घरोघरी पोचलं तो चंद्राक्का माळीच्या खुनाचा. तासगावच्या पुढं हिंगणवाडी म्हणून गाव आहे. तिथं फाल्गुन महिन्यात, राहत्या घरात, चंद्राक्का नावाच्या विधवा म्हातारीचा कुणीतरी गळा दाबला. संशय पुतण्यावर गेला, दिगंबरवर. बांधावरून त्याचं चुलत्याशी, म्हणजे चंद्राक्काच्या नवऱ्याशी, भांडण होतं. दिगंबर म्हणत होता, “आदल्या वर्षीच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलतो, तिथं वाजलं. तवापास्नं त्या घरात पाऊल टाकलं न्हाई. चुलतं वारलं तवाबी परस्पर मसणात गेलो.”

म्हणजे खुनाआधी चौदा महिने तो त्या घरात गेलेला नव्हता. केतकीनं भिंतीची चकती फक्त दिगंबरच्या नमुन्याशी ताडून तपासली. दिवाळीच्या चुन्यावर, सगळ्यात वरच्या थरात, दिगंबरचं जनुकद्रव्य स्वच्छ सापडलं. चौदा महिन्यांपूर्वीचं असतं तर ते दिवाळीच्या चुन्याखाली असतं. ते वर होतं. म्हणजे दिवाळी ते खून या चार महिन्यांत तो घरात आला होता आणि खोटं बोलत होता. बाकी पुरावा जेमतेमच होता, पण खोटं बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

आरोपीला सरकारनं दिलेले वांगीकर वकील वयस्क आणि थकलेले होते. त्यांनी उलटतपासणीत विचारलं होतं, “बाई, त्या दिवाळीला त्या घरात चुना दिला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दिवाळीला चुना देतात हे सांगावं लागत नाही, वकीलसाहेब,” केतकी म्हणाली होती. कोर्ट हसलं होतं. न्यायाधीशही हसले होते. सरकारतर्फे उभ्या असलेल्या संग्रामनं बहिणीकडे कौतुकानं पाहिलं होतं. दिगंबरला जन्मठेप झाली.

मतदानाला नऊ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता. केतकीच्या घरी रंगारी आला, बादली आणि कुंचला घेऊन, दरवर्षीसारखा. केतकी त्याला चहा टाकायला उठली, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या.

“यंदा नको रे बाबा,” त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. “हे आषाढात गेले. घरात दुःख झालंय. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय आम्ही सण करत नाही, भिंतीला कुंचला लावत नाही. पुढच्या वर्षी ये.”

रंगारी नमस्कार करून गेला. केतकी चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

“काय गं, काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, चंद्राक्काचा नवरा कधी गेला होता?” केतकीनं विचारलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे सासूबाईंना कुठून ठाऊक असणार.

ते तिला स्वतःलाच ठाऊक होतं. खटल्याच्या कागदांत होतं. चुलता वारला, पुतण्या घरी आला नाही, भांडण किती विकोपाला गेलं होतं बघा, असं संग्रामनं भाषणात ठासून सांगितलं होतं. तारीखही दिली होती. भाद्रपद. खुनाआधी सहा महिने, आणि दिवाळीआधी जेमतेम दीड. दुःखाचं घर. त्या दिवाळीला त्या घरात कुणी चुना दिला असेल? लहान पोरालाही कळेल अशी गोष्ट, आणि ती एम.एस्सी. झालेल्या बाईच्या डोक्यात आली नाही.

सोमवारी सकाळी केंद्र उघडल्याबरोबर तिनं कपाटातून हिंगणवाडीची चकती काढली. अर्धी यंत्रात विरघळली होती, अर्धी नियमाप्रमाणे जपून ठेवलेली होती. यंत्र आल्यापासून चकती डोळ्यांनी बघायचं सगळ्यांनी सोडूनच दिलं होतं. तिनं ती उभी कापली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

पावसाळ्याच्या दमट हवेत चुन्याचा वरचा पापुद्रा किंचित विरघळतो आणि हवा कोरडी झाली की पुन्हा घट्ट होतो. त्याची एक बारीक, चकचकीत रेघ उमटते. खालच्या प्रत्येक थराच्या माथ्यावर अशी एकेक रेघ होती, कारण प्रत्येकानं एकेक पावसाळा काढलेला होता. सगळ्यात वरचा थर दिवाळीचा असता तर त्याच्यावर रेघ असायलाच नको होती. खून झाला फाल्गुनात, चकती काढली चैत्रात, मध्ये पावसाचा थेंब नाही.

रेघ होती. एक, ठळक. त्या थरानं एक पावसाळा पाहिला होता. तो थर त्या दिवाळीचा नव्हता, आदल्या दिवाळीचा होता. दिगंबर संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला तेव्हा तो थर उघडाच होता. दिगंबर खरं बोलत होता.

केतकीनं तीनदा पाहिलं. मग ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

तिसऱ्या प्रहरी ती हिंगणवाडीत होती. दिगंबरची बायको मालन द्राक्षाच्या बागेत रोजानं जायची, ती नुकतीच परतली होती. केतकीला बघून ती दारातच थांबली. “या” म्हणाली नाही.

“वहिनी, एकच विचारायचंय,” केतकी म्हणाली. “चुलते वारले त्या दिवाळीला चंद्राक्कांच्या घरात चुना दिला होता का?”

“दुखवट्याच्या घरात कोन चुना देतं, म्याडम?”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“कुनाला सांगायचं? वांगीकर वकिलास्नी म्या सांगितलं. तेंनी तुमाला इचारलंबी. तुमी काय बोलला, ते ध्येनात हाय न्हवं? समदं कोर्ट हासलं. मी मागं बाकड्यावर बसलेवते.”

केतकीनं माफी मागितली. ती माफी किती तोकडी होती ते तिचं तिलाच कळत होतं. मग तिनं रेघेची गोष्ट समजावून सांगितली. मालननं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

“म्हंजी मालक सुटत्याल?”

“सुटायला पाहिजेत. खटला पुन्हा उघडला तर.”

“उघडनारच की,” मालन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. “तुमचं दादा म्हनत्यात न्हवं, निवडून आलो तर बंद झालेलं खटलं परत उघडनार म्हनून? म्या तेंनाच मत देनार हाय. मी सगळ्या आळीला सांगितलंय.”

केतकीला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मंगळवारी संग्राम सांगलीच्या प्रचार कार्यालयात होता. बाहेर ढोलताशा, आत फोनचा गजर. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि बहिणीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो उत्तम वकील होता. दोन मिनिटांत त्याला सगळं कळलं.

“तुझं बरोबर आहे, केतू,” तो म्हणाला. “माणूस बहुधा निर्दोष आहे.”

“बहुधा नाही, दादा.”

“बरं, निर्दोष आहे. पण आता आठवडा थांब. आज हे बाहेर गेलं तर मी पडतो. मी पडलो तर समोरचा येतो, आणि तो पहिल्या दिवशी तुझं केंद्र बंद करणार आहे, त्यानं जाहीरनाम्यातच लिहिलंय. मग तू सोडवलेले अकरा आठव, आणि अजून आत असलेले आठव. तो दिगंबर तीन वर्षं आत आहे. अजून एक आठवडा.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

“ठीक आहे,” केतकी म्हणाली. “मी अर्ज लिहून आणलाय. खटला फेरतपासणीसाठी उघडावा आणि आरोपीला सोडावं, सरकारची हरकत नाही. त्याच्यावर आत्ता सही कर. मी मतदानापर्यंत पेटीत ठेवते. निकाल लागला की दाखल करू.”

संग्रामनं कागद वाचला. पेनही उचललं. मग खाली ठेवलं.

“सही केलेला कागद बाहेर फुटतो, केतू. माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?”

लहानपणी तो शाळेच्या फाटकाशी येतो म्हणाला की ती भर पावसात तासभर उभी राहायची, आणि तो येतच असे. तो आला नाही असं एकदाही झालं नव्हतं. तरीही केतकीनं कागद उचलून पिशवीत ठेवला.

“आहे भरवसा,” ती म्हणाली. “पण आत तू नाहीयेस.”

बुधवारी तिनं आपलं प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल केलं. मी दिलेली साक्ष चुकीची होती, चूक माझी, ती अशी झाली, आणि ही चकतीची छायाचित्रं. मालनच्या नावानं फेरतपासणीचा अर्जही वांगीकर वकिलांकडून घातला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पडद्यांवर तिचा चेहरा होता. केंद्रानं तिला घरी बसायला सांगितलं. नवरा म्हणाला, “निदान आधी मला तरी सांगायचंस.” सासूबाई मात्र तिला जवळ घेऊन म्हणाल्या, “बरं केलंस.” केतकीला वाटलं, दादा आता आयुष्यात आपल्याशी बोलणार नाही.

झालं भलतंच. गुरुवारी संग्रामनं हिंगणवाडीतच सभा घेतली. मालनला मानानं व्यासपीठावर बोलावलं आणि हात जोडून म्हणाला, “माझ्याच बहिणीनं माझ्या खटल्यातली चूक दाखवली. मला तिचा अभिमान आहे. चूक कबूल करायला छाती लागते. मी या माउलीला शब्द देतो, निवडून आल्यावर पहिला खटला उघडेन तो दिगंबर माळीचा!”

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मालन रडत होती. घरी पडद्यावर ते बघताना केतकीही रडली, अगदी ओक्साबोक्शी. तिला वाटलं, आपण दादावर संशय घेतला, आणि तो तर आपल्यापेक्षा मोठा निघाला. मतदानाच्या दिवशी ती सकाळी सातलाच रांगेत उभी होती.

संग्राम लोंढे सव्वासात लाख मतांनी निवडून आला. दिवाळीनंतर आठवड्यानं त्यानं शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी खरोखर दिगंबर माळीचा खटला उघडण्याला संमती दिली. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारच्या वेळी, मालन केतकीच्या दारात आली. तासगावहून एसटीनं आली होती. हातात सरकारी लिफाफा होता.

“कोर्टाचा कागुद आलाय. मला त्यातलं निम्मं कळंना. वांगीकर वकील दवाखान्यात हाईत. म्हटलं, तुमीच वाचून दावा.”

केतकीनं तिला पाणी दिलं, बसवलं आणि कागद उघडला. ते सरकारचं म्हणणं होतं. खटला उघडण्यास सरकारची हरकत नव्हती. परंतु आरोपीच्या सुटकेस सरकारचा ठाम विरोध होता. परीक्षकाची नवी साक्ष जुन्या साक्षीइतकीच अविश्वसनीय मानावी. दुःखाच्या घरात चुना देत नाहीत ही केवळ सांगोवांगी. एवढ्यावर निकाल फिरवल्यास थरवाचनावर उभ्या असलेल्या तीनशे बारा खटल्यांचे निकाल धोक्यात येतील. खाली सही होती. तिच्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून हीच सही होती.

“आलेच मी,” म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि फोन लावला. संग्रामनं लगेच उचलला. तो वाटच बघत असावा.

“दादा, हे काय आहे?”

“मी उघडायचं वचन दिलं होतं. उघडलं.”

“तो निर्दोष आहे. तू स्वतः म्हणालास.”

“म्हणालो होतो.” त्याचा आवाज खाली आला. “केतू, तीनशे बारा आहेत. त्यांतले बहुतेक खरेच खुनी आहेत. हा एक दगड काढला तर सगळी भिंत येते. तेव्हा मी नुसता उमेदवार होतो. आता माझ्याजागी तू असतीस तर काय केलं असतंस?”

“तीनशे बाराही तपासले असते. एकेक चकती, डोळ्यांनी.”

“त्याला वर्षं लागतील.”

“मग लागू देत ना!”

“सुनावणीला तुझी उलटतपासणी मलाच घ्यावी लागेल,” तो म्हणाला. “मी तुला सोडणार नाही, हे आधीच सांगतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आणि त्यानं फोन ठेवला.

केतकी बाहेर आली. मालन खुर्चीच्या कडेला, लिफाफा मांडीवर धरून बसली होती.

“काय लिवलंय?”

केतकीनं सगळं वाचून दाखवलं. सोप्या भाषेत, काहीही न लपवता. शेवटी तिनं कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं.

“मोठी मानसं सही करायच्या आदी वाचत न्हाईत म्हनं,” ती आशेनं म्हणाली. “कारकुनानं पुढं धरलं आसंल, दादांनी वढलं आसंल आपलं पेन. तुमी त्यास्नी येकदा वाचून दावा की.”

“त्यानं वाचूनच सही केलीय, वहिनी. मी आत्ताच विचारलं.”

मालनचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“आख्ख्या आळीला मी सांगितलंवतं,” ती म्हणाली. “घरोघर जाऊन. म्हातारीकोतारी मानसं रिक्षात घालून नेली. मीच मत दिलं हो त्यास्नी.”

सुनावणी अठरा तारखेला होती, आणि त्या दिवशी ज्या माणसानं केतकीला वाढवलं तोच तिला खोटी ठरवायला समोर उभा राहणार होता. तिनं मालनच्या शेजारी खुर्ची ओढली आणि जी गोष्ट तिनं घरात कुणालाच सांगितली नव्हती ती सांगितली.

“मीपण त्यालाच दिलं, वहिनी.”